गावातली अकरा माणसं

जिंतूर

ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

आज तुमी ऐंशीचे झालात, म्हणून खरं लिहायलेय. हे पत्र टपालात टाकणार मात्र न्हाई. कोरोनाच्या साली आपल्या डिशची वायर वानरांनी तोडली न्हाई, मी काढली. टीव्हीवरचे मेलेल्यांचे आकडे तुमी रोज वहीत उतरवायचे आणि भरल्या ताटावरून उठायचे. आईला ते बघवत नव्हतं.

टीव्ही बंद पडल्यावर मी विचारलं, "अण्णा, एरवी आपल्या गावात किती माणसं जातात?"

तुमी गणिताचे मास्तर. लगेच ग्रामसेवकाला फोन लावला. त्यानं सरत्या तीन महिन्यांचा हिशेब सांगितला: मागल्या साली त्याच काळात नऊ माणसं गेली होती. यंदा अकरा, त्यातली दोन कोरोनानं.

तुमी ते दोन्ही आकडे वहीत उतरवलेत. मग म्हणालात, "शिवकन्या, गाव पाच हजारांचं हाय. मला वाटायलं होतं, सगळंच संपायलंय."

थोड्या वेळानं पुन्हा ग्रामसेवकाला फोन केलात. "ती दोघं कोणाच्या घरची, ते विचारायचं राहिलंच की."

दोन्ही घरी तुमी सावकाश बोललात. फोन ठेवून आईला म्हणालात, "वाढ आता, लय भूक लागली."

तुमची,
शिवकन्या