सोनीने बांगडा पळवला

रविवार संध्याकाळ, मुलुंड

आमच्या सोनीने आज ओट्यावर उडी मारून बांगडा पळवला! पावसाळाभर ही मांजर मान वाकडी करून गोल गोल फिरायची, भिंतीला धडकायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मेंदूत बुरशी झालीय, असं फार क्वचित होतं, औषध लागू पडेलच असं नाही. मेंदूत बुरशी? मला तर पावावरचीच माहीत.

आणि आज उडी! तीही नेमकी. एरवी मासा चोरला की आई लाटणं घेऊन मागे लागते. मी घाबरत बघितलं, तर ती पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "ओरडू नको गं तिला. उडी बघितलीस ना?"

मान अजून जराशी वाकडीच आहे. असू दे. देवा, एवढं दिलंस तेच पुष्कळ.

जेवताना आईने स्वतःच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढले आणि सोनीला हाक मारली.