आठ कार्बन, हात धरून

नाबुल, ८ मार्च

प्रिय शादली,

सलाम. इकडे सगळं ठीक. नारिंगं अजून कळ्यांवरच आहेत, फुलायला पंधरवडा लागेल. यंदा फुलांचं पाणी गाळायला तू यावंस, म्हणून लिहिते आहे. कारण सांगते, पण आधी दुसरं ऐक.

मी तुझं रसायनशास्त्र शिकते आहे. हस पोटभर! शेजारची आम्ना परीक्षेचा अभ्यास करायला दुपारी आपल्या गच्चीवर येते, तीच माझी मास्तरीण. कार्बनला चार हात, लांबात लांब साखळी आधी शोधायची, मग आकडे घालायचे. मी आपली दरवेळी उजवीकडून मोजायला लागते.

"अगं मावशी, रेणू अरबीत लिहिलेला नाही! अल्कोहोलचा गट ज्या टोकाला जवळ, तिथून मोज."

"मग कधी डावीकडून, कधी उजवीकडून? तुझ्या रेणूला घरदार आहे की नाही?"

ती कपाळावर हात मारते. पण उन्हात डोळा लागला की मला ते दिसतात. आठ कार्बन बागेत हात धरून उभे आहेत. पहिल्या-दुसऱ्याने आणि सहाव्या-सातव्याने एकमेकांचे दोन-दोन हात धरलेत. तिसऱ्याच्या आणि सातव्याच्या कडेवर एकेक पोर, आणि तिसऱ्याच्या उरलेल्या हातात पाण्याचा तांब्या. हे आपल्या फुलांतलं लिनालूल. इतकी वर्षं घरात होतं आणि मला नाव माहीत नव्हतं.

फुलांत एक सुवासिक एस्टरही असतो म्हणे. पाण्यात फार वेळ उकळला की तुटतो, आणि व्हिनेगरचं आम्ल सुटतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून खाली आले.

मागच्या वर्षी माझं पाणी बिघडलं, शादली. रीतीप्रमाणे घरोघरी बाटल्या दिल्या. सगळ्यांनी कॉफीत थेंब टाकला, "हातांना बरकत येवो" म्हणाले, आणि कप अर्धे ठेवले. जाळ कधी काढायचा हे आपल्या घरात नाकच सांगतं. मला वास येत नाही. तापातून उठले तेव्हापासून, दीड वर्ष. कुणाला सांगितलेलं नाही.

भांड्याला तापमापक लावू म्हणालास, तेव्हा चारचौघांत मी तुला पुस्तकी पंडित म्हटलं. तू सफाक्सला गेलास तो गेलासच. चूक माझी होती.

फुलांचं एक वेळ आम्ना निभावून नेईल. पण आई बाहेर जाताना पांघरायची ती पांढरी सफसारी मी आई गेल्यापासून धुतलेली नाही. परवा पेटीतून काढून तिच्यात तोंड खुपसलं. काहीच नाही. वास उडून गेला, की मलाच येत नाही? हे आम्नाला कसं विचारू, तिने आईला कधी मिठी मारलेली नाही. आता तूच एक उरलास. ये आणि हुंगून सांग.

जे असेल ते खरंच सांगशील, या भरवशावर

तुझी ताई
दलंदा