माझा सोनेरी घास

२३ ऑक्टोबर १९७८, सोमवार
वजन वाढायला होमिओपॅथ डॉक्टरने टॉनिक दिलं. लेबलवर अल्फाल्फा. डिक्शनरीत पाहिलं, तर लसूणघास! म्हशी खातात तो! बाटलीत भरून माणसांना पाजतात. भर दवाखान्यात डॉक्टरला सुनावलं.
संकल्प: ताथवड्याच्या प्लॉटवर घर होईल तेव्हा होईल. तोवर घास पेरायचा. रोज सकाळी पेलाभर ताजा रस.

२९ ऑक्टोबर, रविवार
प्लॉटशेजारचा भिवा आपल्या घासाचं बी द्यायला आला. त्याच्या दोन म्हशी त्या घासावरच जगतात. दाणे लहानमोठे. रिजेक्ट. कंपनीत चौदा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे, तोंड पाहून माल पास करत नाही.
पुण्याहून आणलेलं बी भिंगाखाली धरलं. काही दाणे करडे, गोल. टॉलरन्समध्ये बसतात. पास.
पाणी भिवाच्या विहिरीचं, त्याचा पाट माझ्या प्लॉटमधून पुढे त्याच्या घासात जातो. तो नाही म्हणत नाही. काहीतरी डाव असणार.

१७ डिसेंबर, रविवार
घास गुडघ्याला आला. त्यावर सोनेरी दोरे! नाजूक, चकचकीत. भिवाच्या घासात एकही नाही. भिवा म्हणतो, ही अमरवेल हाय सायेब, समदा घास पिऊन टाकंल, आजच उपटून जाळा. पोटात दुखतंय त्याच्या. पद्मजाला त्याचंच पटतं. बायको माझी की भिवाची वकील?

२४ डिसेंबर
पहिली कापणी. रस प्यायलो, दोऱ्यांसकट. दिवसभर पोटात गुरगुर. गुण येतोय. पद्मजा हसली. जेवलो नाही.

७ जानेवारी १९७९, रविवार
भिवा पुन्हा हजर. हात जोडून म्हणाला, तुमास्नी सवड न्हाई तर मी उपटू का? माझ्या प्लॉटला हात लावलास तर पोलिसात देईन म्हटलं. मान खाली घालून गेला. संतापाने मला स्कूटरची किक मारता येईना.

१४ जानेवारी, संक्रांत
भिवा आणि त्याची बायको केसरबाई तिच्या माहेरी, मारुंजीला. बांधावर कुणी नव्हतं. चार मुठी सोनेरी दोरे त्याच्या घासात पसरून आलो. महिनाभरात त्याचाच घास त्याला खोटं पाडेल. मी रागीट असेन, पण दुसऱ्याचं भलं चिंततो. पद्मजाला सांगितलेलं नाही. उपकार गुप्तच करावेत.

१८ फेब्रुवारी, रविवार
माझा घास पिवळा, आडवा पडलेला. खतवाल्याने भेसळ केली! भिवाचाही निम्मा पिवळा. म्हणजे पाणीच वाईट. विहीर त्याची. जाब विचारणार.

२५ फेब्रुवारी
पद्मजाने ग्रामसेवकाकडून पत्रक आणलं. त्यात अमरवेलीचं चित्र. तुकडा पडला तरी रुजते, असं खाली लिहिलंय. सरकारी छपाई, काहीही छापतात. पत्रक फाडलं. पद्मजाने तुकडे गोळा केले. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

४ मार्च, रविवार
भिवाने अख्खा घास खणून पेटवला. पद्मजा आणि केसरबाई पिवळे तुकडे वेचत होत्या. दोन्ही म्हशींना पुरेल एवढा चारा नाही, म्हणून भिवाने दुभती म्हैस मेहुण्याकडे धाडली. केसरबाईचा पदर सारखा डोळ्यांना. धुराने असेल.
मी तयारीने गेलो होतो. विहीर, वारा, खत, सगळे मुद्दे पाठ. भिवा जवळ आला. म्हणाला, चूक माजीच सायेब. पाटाच्या पान्यातनं आली आसंल, पाट मीच दिला व्हता. आता तीन-चार वर्सं हितं घास पेरता यायचा न्हाई. वर मलाच म्हणाला, तुमी वाईट वाटून घिऊ नका.
संक्रांतीचं सांगायला तोंड उघडलं. पाटाची लांबी किती, एवढंच विचारलं.