बाबांच्या इंजिनाचे तीन हजार

६ जून, रॉबिनवेल. सकाळी ५.४०
आजपासून वही. काल चर्चच्या हॉलमध्ये मेलेनाइतेबाईंचा क्लास झाला: आपल्या पैशांच्या सवयी ओळखा. खर्च लिहायचा, आणि खर्चाआधी काय वाटलं तेही. बाईंनी विचारलं, सेमिसी, बँकेचं अ‍ॅप कधी उघडलंस? म्हटलं, शिल्लक मला तोंडपाठ असते. दोन महिन्यांत उजळणी झालेली नाही, इतकंच.
ध्येय: इथल्या द्राक्षमळ्यातल्या मजुरीतून ऑगस्टअखेर तिकडे बेटावर बाबांच्या होडीला नवं इंजिन. तीन हजार डॉलर. जुनं भर समुद्रात बंद पडतं. मागे बाबा दिवसभर प्रवाळाच्या खडकांपलीकडे वाहत होते. ते आठवायचं नाही, असं ठरवलंय.

८ जून
खर्च: छाटणीच्या सगळ्या टोळीला तळलेली कोंबडी, ९६. आधी वाटलं: उदार.
द्राक्षवेलींच्या छाटणीत चुलतभाऊ फेआओ माझ्याच ओळीत असतो. तो सकाळी एवढंच म्हणाला, की हल्ली काही लोक डबा झाकून खातात. माझं नाव घेतलं नाही. पण ओळीत आम्ही दोघंच होतो.

१५ जून
काटकसर सुरू. चहात साखर बंद.
खर्च: मावशीच्या सासऱ्यांच्या दफनाला २००. त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाटलं: दुःख.
बँकेचा मेसेज. उपाशीपोटी असले मेसेज उघडू नयेत. जेवलो. भरल्या पोटीही उघडू नयेत.

१६ जून
कामाला निघालो होतो. नदीवर पेलिकन पक्षी दिसले. दुपार झाली. त्यांच्यात एकानं मासा पकडला की बाकीचे मागतात का, हे बघायचं होतं. कळलं नाही. दिवसाचा पगार बुडाला. पण तो खर्च नव्हे, सबब लिहीत नाही.

२ जुलै
बाईंना थोडं वाचून दाखवलं. निवडक. म्हणाल्या, अरे राजा, लोक चिक्कू म्हणतील या भीतीनं तू खर्च करतोस. म्हटलं, बाई, मी वादळात माडावर चढलेला माणूस आहे. त्या म्हणाल्या, माडाला जीभ नसते.
बाईंना माड माहीत नाहीत.

१४ जुलै
रविवारी चर्चचं वर्षाचं दान. माइकवर नाव आणि रक्कम वाचतात. यंदा तीनशे. पक्कं. चिठ्ठीवर लिहूनही ठेवले.

१९ जुलै, रविवार
माझ्याआधी फेआओचं नाव. आठशे. टाळ्या. चिठ्ठीवरचे तीनशे कधी खोडले, आठवत नाही. हजार लिहिले. डोळे मिटून मशीनवर कार्ड टेकवलं. गेले. म्हणजे पैसे होते. बचत जमत होती तर.
फेआओ कानाशी येऊन म्हणाला, येड्या, माझ्या आठशेत घरातल्या सहा जणांची वर्गणी आहे.
अ‍ॅप उघडलं. एकेचाळीस डॉलर.

२० जुलै. सकाळी ६.१०
बाबांचा फोन. सगळा गाव काल मोबाइलवर आमच्या चर्चचं दान बघत होता. बाबांना रडू आवरेना. पोरा, नाव काढलंस, म्हणाले. हजार नुसते दान देतो, त्याला इंजिनाचं काय एवढं. म्हणून जुनं इंजिन धाकट्या काकांना देऊन टाकलं. त्यांनी मागितलं, नाही म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते?
नवं कधी, असं बाबांनी विचारलं. म्हटलं, ऑगस्टअखेर. ते म्हणाले, तोवर वल्ही आहेत, हातही धड आहेत.

सकाळी ९.१५
तिकडे वारा वाढलाय, असं फोनवर दिसतंय. बाबा फोन उचलत नाहीत. चार वेळा लावला. छाटणीची कात्री खाली ठेवून पुन्हा लावतोय. फेआओ माझ्याही वाट्याच्या वेली छाटतोय.

सकाळी १०.००
मग धाकट्या काकांना लावला, त्यांनी उचलला. बाबा समुद्रावर गेलेलेच नाहीत. घरोघर सांगत फिरताहेत, पोरगा इंजिन पाठवतोय, जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. काकांनी विचारलं, खरं का रे?
म्हटलं, हो. दुप्पटच.