न झोपणारी गाडी

अहो,

आज दुपारी गाडी झोपली. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? म्हणून हात धुऊन लगेच लिहायला बसले. बोटांना अजून बॅटरीचा वास आहे आणि वाडीतून सोनचाफ्याचा येतोय. दोन्ही मिळून तुमच्या सदऱ्याचा वास होतो.

तुम्ही गेलात आणि तेराव्यानंतर व्हॅन रोज सकाळी मुकी व्हायला लागली. उभ्या उभ्या बॅटरी उतरायची. फुलांच्या करंड्या मी रिक्षाने नालासोपारा स्टेशनला न्यायची. भावजी म्हणाले, "वहिनी, हा पांढरा हत्ती कशाला पोसता? विकून टाकू." रविवारी गोखिवऱ्याचं गिऱ्हाईक येणार, असं ठरलंसुद्धा. तुमच्या आईंनी नुसती मान हलवली. तुमच्यामागे त्या बोलतात कुठे? झोपतही नाहीत. ओटीवर बसून फाटकाकडे बघत राहतात.

आपण दोघं हा आजार कसा शोधायचो, आठवतं? चावी काढायची, सीटखालच्या बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये छोटा बल्ब जोडायचा. सगळं बंद असून बल्ब पेटला, म्हणजे कुणीतरी चोरून वीज पितंय! तुम्ही स्टिअरिंगखाली आडवे होऊन एकेक फ्यूज उपटायचात, मी मागच्या सीटवर पदराचा आडोसा करून बल्बकडे बघायची. ज्या फ्यूजला तो जाईल, तिथे चोर. पहिल्या वेळी मी ओरडले, "विझला!" तर आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "दिवा विझला म्हनू नये गो! शांत झाला म्हन!" तुम्ही खाली पडल्या पडल्या किती हसलात! तेव्हापासून त्या एवढ्याशा बल्बला देवघरातला मान.

पण माझा राग आहे हं तुमच्यावर. सगळं शिकवलंत, आणि एकटीने कसं करायचं तेवढं राहिलं! आज मी स्टिअरिंगखाली शिरले, तर बल्ब दिसेचना.

"आई, जरा इथे बसता?"

मग काठी वाजली. त्या मागच्या सीटवर टेकल्या, पदर धरला. मी हॉर्नचा फ्यूज काढला, परत बसवला. टेपचा काढला, परत बसवला. चिंचेची पानं टपावर पडत होती. मला गुंगी आल्यासारखं झालं, वाटलं, मागे मीच बसलेय आणि हे हात तुमचे आहेत. त्याच तंद्रीत इंजिनाच्या कॉम्प्युटरचा फ्यूज ओढला.

"शांत झाला गो!"

केवढा मोठा आवाज त्यांचा! किती दिवसांनी ऐकला!

तुम्ही म्हणायचात ना, रिले, तो वीज चालू-बंद करणारा खटका, चिकटला की चावी काढलेली या कॉम्प्युटरला कळतच नाही, बिचारा जागाच राहतो. मी फ्यूज परत बसवला आणि रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. टिक्! डोकावून पाहिलं तर बल्ब आपला आपण शांत झालेला.

"झोपली गाडी, आई."

त्यांनी बल्बवरचा पदर काढला, एकदा फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यालापन झोपू दे आता."

आणि तिथेच लवंडल्या, तुम्ही दुपारचे लवंडायचात तशा. चांगल्या घोरतायत. मी उशी नेऊन दिली.

रविवारच्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवीन. नवा रिले बसवीन, करंड्या मीच नेईन. आता लगेच गाडी सुरू करून बघायची फार इच्छा होतेय. पण आई आपणहून उठेपर्यंत चावीला हात लावणार नाही, हा शब्द.

तुमचीच,
सुलभा