हौसाआज्जीची पेटी

तासगाव, मंगळवार संध्याकाळ

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही मंडळाच्या बायका दर महिन्याला शिधा देतो. आज हौसाआज्जीला भोवळ आली म्हणून साखर शोधायला तिची पत्र्याची पेटी उघडली, तर सहा महिन्यांचा तांदूळ, डाळ, गूळ तसाच! पिशव्यांच्या गाठीसुद्धा सुटलेल्या नव्हत्या.

"आवं आज्जी, मग खाता काय?"

"शेजारीण देती की चतकोर भाकरी. ह्ये माझ्या तेराव्याला ठेवलंय. माझ्या मागं कोन हाय? लोकं उपाशी जायला नगंत."

दर वेळी पिशवी देताना मी फोटो काढला. जेवलात का, हे एकदाही विचारलं नाही. आणि त्या गाठी माझ्याच हातच्या.

निघताना तिनं हात धरला. "तू येशील न्हवं जेवायला?"

आणि मी हो म्हणून बसले.