सोसणाऱ्या देशाचा धडा

अण्णा,

निजामाच्या राज्यात तुम्ही सेलूच्या सरकारी शाळेत उर्दूतून इतिहास शिकवायचात आणि घरी येऊन तोच आईला मराठीत सांगायचात. आज आठवतोय तो पोलंड. एका लग्नासाठी कोल्हापूरला गेला होतात. तिथल्या छावणीत महायुद्धानं परागंदा झालेली पोलिश माणसं राहत होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललात, आणि परतलात ते डोक्यात पोलंड घेऊनच.

आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर. "तीन राजांनी त्यांचा देश वाटून घेतला. नकाशावर नाव राहिलं न्हाई. तरी तिथली माणसं म्हणायची, आमचा देश येशूसारखा सुळावर चढलाय, साऱ्या जगासाठी सोसायलाय, एक दिवस उठणार हाय."

आईनं भाकरी उलटली. "सोसलं म्हणून कुणी देव होतंय व्हय? माझ्या सासूनं लय सोसलं, पण मला कुठं सोडलं तिनं?"

तुम्ही हसलात.

तोच धडा तुम्ही वर्गात सांगितलात. नकाशा पोलंडचा नाही, आपलाच, हे पोरांना न सांगता कळलं. मुख्याध्यापक आपल्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. ते म्हणाले, "मास्तरसाब, ये सबक किताब में नहीं है." नोकरी गेली. मग तुम्ही देवळाच्या ओट्यावर शिकवायला लागलात. "आपलं सोसणं वाया जाणार न्हाई, त्यानं आपण शुद्ध होऊ," असं तुम्ही म्हणायचात आणि पोरं ऐकत राहायची.

भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं. गावात साखर वाटली. आणि मग एका दुपारी मुख्याध्यापक बायको-मुलींना घेऊन आपल्या मागच्या दारी आले. आईनं काही न विचारता त्यांना आत घेतलं. पुढच्या दारात निजामाचा राग मुसलमान शेजाऱ्यांवर काढायला निघालेला जमाव, आणि सगळ्यांपुढं तुमचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, हातात कुऱ्हाड.

"अण्णा, बाजूला व्हा. आमी लय सोसलंय. आता आमचा दिवस हाय."

"सोसल्यानं माणूस शुद्ध होतो, हे मीच शिकवलं तुला. चुकीचं शिकवलं."

"मग खरं काय हाय?" त्यानं विचारलं. तो खरंच विचारत होता, अण्णा.

"मला ठाऊक न्हाई. कुऱ्हाड भाईर ठेव, आत ये. बसून बघू."

तो आत आला नाही. कुऱ्हाड खाली करून तो वळला, आणि त्याच्यामागं बाकीचेही. आपल्या घरातली माणसं वाचली. पलीकडच्या गल्लीतली नाहीत.

पुढं कित्येक वर्षं तुम्ही म्हणायचात, छावणीतल्या त्या म्हाताऱ्या मास्तरांना एकच विचारायचं राहिलं: तुमचा देश पुन्हा उठला, तेव्हा त्यातल्या दुबळ्यांशी तो कसा वागला? तोवर छावणी उठून गेली होती.

मीही इतिहासच शिकवला. त्या पोलिश लोकांचं मिळेल ते वाचलं. इतिहास देवाच्या मनाप्रमाणं चालतो, असं त्यांच्यातले काही म्हणत. काही म्हणत, देवानं आखलंय खरं, पण पुढचं युग माणसाच्या कृतीचं आहे. आणखी काही चिडून म्हणत, सूळ पुरे झाला, आता शाळा काढा, शेतं सुधारा. वाचताना मला सारखं वाटायचं, ही तर तुमची आणि आईचीच वादावादी. कोण बरोबर, ते अजून ठरत नाही. ठरत नाही म्हणून वाचत राहते.

एक मात्र सांगायला हवं. तुमचा आवाज मला आता आठवत नाही. दारातली ती वाक्यं लिहिताना मला माझाच आवाज ऐकू येत होता.